धुक्यात मांडलेलं रुखवत

पर्णे, तू फक्त ऐक. मध्ये बोलायचं नाही, मोबाईल उलटा ठेव, आणि ‘मग, मग’ करत पुढे पळायचं नाही. मी सांगेन त्याच रस्त्यानं यायचं. कारण रस्ताच तसा होता. दिसतच नव्हता.

“केते, गाडी कडेला घे. मागचं डावं बसलं,” मामा म्हणाला.

मी म्हटलं, “काय बसलं?”

“चाक, बाय, चाक. म्हैस न्हाई.”

मला काहीसुद्धा जाणवलं नव्हतं गं. मी काचेला नाक लावून बसलेली. बाहेर नुसतं पांढरं. उजनीच्या पाण्याकडेचं जानेवारीतलं धुकं तू बघितलं नाहीयेस. झाडाचा शेंडा असतो, खाली झाड नसतं. विजेच्या तारा असतात, खांब नसतो. आणि डावीकडे कुठेतरी पाणी आहे हे फक्त आवाजावरून कळतं, कारण तिथं रोहित पक्षी उतरलेले असतात आणि ते झोपेत बडबडल्यासारखे कुजबुजत असतात. सकाळचे सात वाजलेले. आणि दहा चाळीसला शर्वरीताईचा मुहूर्त!

हो, ताईचंच लग्न. चार वर्षं झाली. मी वीस वर्षांची, लायसन हातात येऊन पाच महिने. मला आदल्या दिवशी मामाच्या गावी पाठवलेलं, दोन गोष्टी आणायला. एक रुखवत, दुसरा मामा. रुखवत मामाच्या गल्लीतल्या बायकांनी महिनाभर बसून केलेलं. आणि मामा म्हणजे आमचा दिगूमामा, आईचा धाकटा भाऊ. तीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर. मला गाडी त्यानंच शिकवली.

आता हे नीट ऐक. आमच्याकडे नवरीला हाताला धरून बोहोल्यावर आणतो तो मामा. अंतरपाट धरलेला असताना पाठीशी उभा राहतो तो मामा. पण साखरपुड्यात दिगूमामाच्या हातातून ओवाळणीचं तबक खाली पडलं होतं. ठण्णकन. निरांजन इकडे, सुपारी तिकडे. बाबांकडचे दोन-तीन जण लगेच कुजबुजले, “सकाळी सकाळी घेऊन आलाय वाटतं.” मामानं ऐकलं. न जेवताच निघून गेला. मग घरात ठरायला लागलं, दुसरा मामा उभा करू, आईचा चुलतभाऊ आहे, बापूमामा, धडधाकट आहे. ताईनं मेंदीचा कोन खाली ठेवला आणि म्हणाली, “दिगूमामा पाठीशी असेल तरच मी बोहोल्यावर चढेन. नाहीतर माझ्याऐवजी बापूमामाचंच लग्न लावून द्या.”

म्हणून मला सांगितलेलं, काहीही कर, मामाला घेऊन ये.

आणि गाडी अशी कडेला. फोन काढला तर रेंजचा एक दांडा, तोही येतोय जातोय. आईला लागला आणि “अगं मामा निघाला ना?” एवढंच ऐकू आलं, मग सनई, मग काहीच नाही.

मामा खाली उतरला. अंगावर जाडी शाल, दोन्ही हात शालीच्या आत. चाकाकडे बघून म्हणाला, “जमिनीला टेकलं. राहू दे आता. कुणी येईल त्याच्या गाडीतनं तू जा. मी सामानापाशी थांबतो.”

“वेडा झालास काय? तुझ्याशिवाय जाऊन काय करू? स्टेपनी आहे की!”

“हाय. कुठं हाय?”

कुठे होती सांगू? डिकीत, तळाला, पत्र्याखाली. आणि तिच्यावर काय? अख्खं रुखवत! गल्लीतल्या सगळ्या जणींनी दाबून दाबून भरलेलं. मी निघताना चारी चाकांखाली लिंबं ठेवली त्यांनी, ती चिरडून गाडी काढायला लावली, नारळ फोडला, माझी दृष्ट काढली. पण स्टेपनी कशी निघणार हे बारा जणींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही!

“मामा, जरा हात लाव ना.”

“मला थंडी वाजतीय.”

असा राग आला ना मला! तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, थंडी वाजतेय म्हणे. मी म्हटलं ठीक आहे. आणि एकेक काढायला लागले. पर्णे, आधी साखरेचं घर. खिडक्यांना वेलदोड्याचे गज. ते मी एका सपाट दगडावर ठेवलं. मग सुपाऱ्यांची बाहुली आणि बाहुला. मग कापसाचे हंस, सात. सप्तपदीची सात पावलं, एकेका पावलावर तांदळाची नक्षी. विहीर, विहिरीला मोट, मोटेला लाकडाचे बैल. कुरडयांचे डबे. करंज्यांची परडी, वर लाल रुमाल. मोत्याच्या झालरीचा पाट. सगळं रस्त्याच्या कडेला गवतावर मांडत गेले, आणि मागे वळून बघितलं तर धुक्यात कुणाचं तरी छोटंसं गाव वसल्यासारखं दिसत होतं. दवानं साखरेचं घर चमकायला लागलेलं. मी दोन मिनिटं नुसती बघत उभी. मुहूर्त विसरले, खरंच सांगते.

“बघत काय बसलीस,” मामा म्हणाला. “मागनं कुणी आलं तर त्याला गाडी दिसणार हाय का?”

मी पार्किंगचे दिवे लावले, ते धुक्यात पिवळे पिवळे भिजत होते. करंज्यांवरचा लाल रुमाल घेतला, काठीला बांधला, मागे पन्नासेक पावलांवर जाऊन काठी रोवली. परत येताना गाडी दिसेना! दिव्यांच्या उघडझापीकडे चालत आले.

मग जॅक काढला, गाडीखाली सरकवला, आणि फिरवायला लागले. तर मामा ओरडला, “आगं ए! आधी नट सैल कर! चाक वर उचललंस की नटाबरोबर चाक बी फिरंल, मग बस गरागरा फिरवत!”

“मग आधी सांगायचं ना!”

“हँडब्रेक?”

“ओढलाय.”

“गिअर?”

“न्यूट्रलला.”

“पहिल्यात टाक. आणि पुढच्या चाकांना दगड लाव. मागंपुढं, दोन्हीकडनं. गाडी जॅकवरनं घसरली ना, तर हात ऱ्हात न्हाई माणसाचा.”

त्याचा आवाज बदलला होता. मघाशी राहू दे म्हणणारा मामा गेला आणि तो जुना मामा आला, मैदानावर माझ्या शेजारी बसून क्लच सोडताना ओरडणारा. पण हात शालीत ते शालीतच.

दगड लावले. पाना नटाला लावला. नट हलेल तर शपथ.

“हातानं न्हाई व्हायचं. पाना आडवा ठेव, पाय दे त्याच्यावर. वजन टाक.”

“वजन नाहीये मला!”

“काल रात्री चार भाकरी खाल्ल्यास त्या कुठं गेल्या?”

मी गाडीला धरून पान्यावर उभीच राहिले. कट्ट! सुटला. इतका आनंद झाला मला, पहिल्या नंबरानं पास झाल्यासारखा. चारही नट एकेक फेरा सैल केले. मग जॅक, तर तो मातीत रुतायला लागला. कडेची माती दवानं मऊ झालेली.

“खाली फळकूट पाहिजे,” मामा म्हणाला आणि इकडेतिकडे बघायला लागला. फळकूट कुठलं तिथं? मग आम्हा दोघांची नजर एकाच वेळी त्या पाटावर गेली.

“न्हाई,” मामा म्हणाला.

“मामा, सागवानी आहे.”

“नवरा बसायचाय त्याच्यावर!”

“गाडी पेलली तर नवरा पेलेलच की.”

तो हसला गं. त्या सकाळी पहिल्यांदा हसला. मी पाट उलटा करून जॅकखाली घातला. गाडी हळूहळू वर यायला लागली, आणि तेवढ्यात धुक्यातून घंटा वाजली. एक घंटा, मग पुष्कळ. आणि मेंढरं आली, पर्णे! कुठून आली देव जाणे. आधी आवाज, मग वाफ, मग तोंडं. शंभर तरी असतील. करंज्या! हंस! पण मेंढरं अशी आली आणि रुखवताच्या दोन्ही बाजूंनी पाण्यासारखी फुटून निघून गेली. एका कोकरानं मोटेचा बैल हुंगला फक्त. मागून घोड्यावर एक धनगर म्हातारी, डोक्यावरून घोंगडी. ती थांबली. साखरेचं घर बघितलं, सात पावलं बघितली.

“लगीन कुणाचं गं?”

“माझ्या बहिणीचं.”

“मग नवरी कुठाय?”

“ती पुढे आहे, आजी. रुखवत मागे राहिलंय.”

म्हातारीनं मामाकडे बघितलं. “ह्यो मामा व्हय?”

मी म्हटलं हो.

“मग मामा बी मागंच ऱ्हायला की,” म्हणाली आणि घोडं धुक्यात घातलं. घंटा बराच वेळ ऐकू येत होत्या. मामा तिकडेच बघत उभा राहिलेला.

मग मी चाक काढलं. जड असतं गं! मामानं सांगितलं, ते काढलेलं चाक गाडीखाली सरकव, म्हणजे जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही. सरकवलं. स्टेपनी लोळवत आणली, भोकं जुळवायला पाच मिनिटं लागली, रस्त्यावर फतकल मारून पायानं उचलून धरलं तेव्हा बसली. नट हातानं फिरवले. जुनं चाक ओढून बाहेर काढलं, जॅक उतरवला. “आता आवळ. शेजारशेजारचा न्हाई, समोरासमोरचा. आवळायला बी पायच दे, पण नाचू नको.” आवळले. पाट उचलला तर खालच्या अंगाला जॅकचा ठसा, पुढून झालर तशीच.

मी काळी झालेली पार, कोपरापर्यंत. पण झालं! मी एकटीनं केलं! आठ वाजायला आले होते. तासाभराचा रस्ता. पोचणार होतो आरामात.

मग बसलेलं चाक डिकीत टाकायच्या आधी मी त्याला फिरवून बघायला लागले, खिळा कुठे घुसलाय. सगळं फिरवलं. खिळा नाही, काच नाही, काहीच नाही. मामा म्हणाला, “टाक आत, टाक. उशीर हुतोय.” आता उशीर होतोय? मघाशी तर थंडी वाजत होती! मग माझं लक्ष हवा भरतात तिथं गेलं, त्याच्या टोपणाकडे. ते वाकडं बसलेलं. मी फिरवून काढलं. आणि आतून माझ्या तळहातावर काय पडलं माहितीये?

तांदळाचा दाणा. लाल. कुंकवात घोळलेला. अक्षता गं! पत्रिकेबरोबर घरोघरी दिल्या होत्या त्या.

टोपणात दाणा ठेवून टोपण आवळलं की आतली पिन दाबलेली राहते. हवा हळूहळू जाते. हे मला माहीत होतं, कारण मामानंच सांगितलं होतं कधीतरी, डेपोतली पोरं साहेबाच्या स्कूटरला असं करायची म्हणून.

मी मामाकडे बघितलं. पहाटे “काच पुसतो गाडीची” म्हणून तोच बाहेर गेला होता.

“दारातच बसंल वाटलं हुतं,” तो म्हणाला. “तू अर्धा तास आधी निघालीस. म्हणून तर सारखं म्हणत हुतो हळू चालव, हळू चालव.”

“का पण?”

त्यानं शालीतून हात बाहेर काढले. दोन्ही. माझ्यासमोर धरले. पर्णे, ते हात थरथरत होते. थंडीनं नाही गं. सारखे. उजवा जास्त. अंगठा आणि बोट असे एकमेकांवर घासत होते, काही वळत असल्यासारखे, आणि त्याला ते थांबवता येत नव्हतं. दहा टनी बस घाटात उतरवलेले हात.

“दीड वर्ष झालं. कंपवात म्हणत्यात. आवराय येत न्हाई. तबक पडलं ना त्या दिवशी, मी थेंब घेतला नव्हता, केते. तुझ्या आईची आण.”

“मग सांगायचं की मामा! कुणालातरी!”

“काय सांगू? ड्रायव्हर हाय मी. आणि आज पाचशे माणसांत शर्वरीचा हात धरून चालायचं. सगळी बघणार. म्हणणार, आज बी पिऊनच आला, भाचीच्या लग्नात. तिच्या सासरची म्हणणार. मला न्हाई गं, तिला म्हणणार, असला मामा हाय म्हणून.”

पाण्याकडे पक्षी उठले एकदम. पंखांचा फडफडाट ऐकू आला आणि धुक्यातून नुसता गुलाबी रंग वर गेला. आम्ही दोघंही बघत राहिलो. मग मी वेड्यासारखं विचारलं, “गाडी बंदच पाडायची होती, तर मला शिकवलंस कशाला? गप्प बसायचं!”

“जॅक आधी लावत हुतीस गं,” तो म्हणाला. “बघवंना.”

मला हसू आणि रडू एकदमच आलं. नाक पुसलं तर तोंडाला काळं. तो म्हणाला, “मला हितंच सोड. सांग, ताप आला.” मी म्हटलं नाही. तो म्हणाला मग चालत जातो घरी, आणि खरंच चालायला लागला! दहा पावलांत अर्धा दिसेनासा झाला. मी पळत जाऊन शाल धरली. शेवटी तडजोड झाली. येतो, पण मागे उभा राहतो, हात बापूमामाला धरू दे. आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. आईला नाही, शर्वरीला तर मुळीच नाही. माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवायला लावला. “शपथ घे. मग बसतो गाडीत.”

घेतली. काय करणार होते? त्याच्या कपाळावर माझी काळी बोटं उमटली.

रुखवत भरलं, लाल रुमाल काढून आणला आणि निघालो. पाऊण वाटेला धुकं निवळलं. मामा पूर्ण वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. एकदाच म्हणाला, “चवथा नट जरा अजून आवळायला पाहिजे हुता,” आणि पुढच्या पंपावर मी तो आवळला.

कार्यालयात पोचलो तेव्हा सव्वानऊ. आईनं मला बघून किंकाळीच फोडली. मला हात धुवायला पाठवलं आणि मी हात न धुता सरळ ताईच्या खोलीत गेले. ती शालू नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली. सगळ्यांना बाहेर काढलं. दार लावलं.

आणि सांगितलं, पर्णे. सगळं सांगितलं. शपथ घेऊन दोन तास झाले नव्हते.

ताईनं मुंडावळ्या नीट केल्या आणि म्हणाली, “बाबांना सांग, बापूमामाला पंगतीचं काम द्या. आणि दिगूमामाला आत पाठव. तू ये मागून. एक अक्षर बोलू नकोस.”

मामा आला. हात शालीत. दारातच म्हणाला, “बाळा, मी मागं...” आणि त्याचं वाक्य तसंच राहिलं. कारण ताई उभी राहिली होती आणि थरथरत होती. नखशिखांत. हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या, मुंडावळ्यांचे मोती हलत होते. मला क्षणभर खरंच वाटलं हिला काहीतरी झालं!

“मामा,” ती म्हणाली, “माझे पायच उचलत नाहीयेत. फार भीती वाटतेय रे. मला घट्ट धर. सोडू नकोस.”

आणि हात पुढे केला.

मामानं बघितलं तिच्याकडे. आणि मग, अगं, त्याचे हात शालीतून आपोआप बाहेर आले. शाल खाली पडली ती मी उचलली. त्यानं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. “घाबरती कशाला, येडे,” म्हणाला. “मी हाय की.” आणि दोघं निघाली. मी करवली म्हणून मागे, कळशी घेऊन. बांगड्या वाजतायत, वाजतायत. कुणाचा हात हलतोय कळायला मार्गच नव्हता! बायका म्हणत होत्या, “नवरी किती थरथरतीय गं, बिचारी.” एक आजी म्हणाली, “थरथरायचीच. मामानं धरलंय म्हणून उभी तरी हाय.” अंतरपाटामागे अख्खी मंगलाष्टकं होईपर्यंत तिनं त्याचा हात सोडला नाही. तिच्या खांद्याआडून मी मामाचा चेहरा बघत होते. ताठ उभा होता. स्टेअरिंगवर बसायचा तसा.

आता संपलं असतं तर मी तुला हे सांगितलंच नसतं.

मामा आता गुपचूप गोळ्या घेतो. बराच बराय. पण गेली चार वर्षं कुठल्याही लग्नात गेला की सांगतो, आमची शर्वरी काय थरथरत होती, तिला धरायच्या नादात मी माझं सगळं विसरलो. ताई ऐकते, मान डोलावते. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

आणि परवा त्याचा फोन आला. म्हणाला, “केते, तू शब्द पाळलास गं. एवढीशी पोर, पण चार वर्षं तोंडातनं ब्र काढला न्हाईस.” पुढे म्हणाला, “आता मीच सांगावं म्हणतो शर्वरीला. त्या दिवशी कसल्या हातांनी तिला धरलं हुतं ते तिला कळू दे की. मला जरा बरं वाटंल. पण तुझ्यादेखत सांगतो. रविवारी दोघी या.”

ताईला विचारलं तर ती म्हणते, मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकणार, रडणारसुद्धा, आणि तू तोंड बंद ठेवायचं. पण मी त्या दोघांच्या मधे बसणार आहे गं! तो माझ्याकडे बघून म्हणणार, बघ, ह्या पोरीनं शब्द पाळला. आणि मी काय करू? हसू? खरं सांगितलं तर ती बोहोल्यापर्यंतची वाट त्याच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल. नाही सांगितलं तर माझ्या काळ्या बोटांची शपथ जन्मभर त्याला खरी वाटणार.

आज शुक्रवार आहे, पर्णे. आता बोल. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?